आमच्या शेडनेटचे पैसे नेमके कोणी दिले?

बांधावरचा (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात गावी होतो. देऊळगाव राजाकडे आमची कोरडवाहू शेती, त्यात दहा गुंठ्यांचं शेडनेट, आणि त्यात यंदा मिरचीचं बीजोत्पादन. सकाळी सातला बायका क्रॉसिंगला बसतात. कळी चिमट्याने उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे, मग बोटातल्या अंगठीत भरलेला पराग लावायचा आणि देठाला लाल दोरा. माल उचलताना कंपनीचा माणूस दोरा नसलेलं फळ बाद करतो. हे सगळं चालू असताना बाजूला घरचा वाद पेटला, तो इथे आणतोय.

चुलतभाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. २०२५ ची संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद ब्राझीलमध्ये बेलेमला चालू होती, त्यामुळे तो तयारीतच होता. म्हणाला, "काका, हे शेडनेट म्हणजे क्लायमेट फायनान्स. श्रीमंत देशांनी आपल्याला दिलेले पैसे." वडील म्हणाले, "मला पोकरातून मिळालं. सरकारनं दिलं. आधी स्वतः उभं करायचं, मग तपासणी, मग अनुदान. मधले महिने शेकडा दोननं काढले, ते कुठल्या देशानं दिले?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. पूर्ण नाव फक्त फलकावर असतं, गावात सगळे पोकराच म्हणतात. ते इंग्रजी नावाचं लघुरूप, आणि त्या नावात 'क्लायमेट' पहिल्यापासून आहे. २०१८ साली सुरू झाला, साधारण ४ हजार कोटींचा. त्यात ७० टक्के जागतिक बँकेचं कर्ज, ४२ कोटी डॉलर. उरलेले राज्याचे. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातली पाच हजारांवर गावं. शेततळी, ठिबक, शेडनेट, रुंद सरी वरंबा, खारपाण पट्ट्यातली कामं.

आता गंमत बघा. वडिलांच्या वहीत हे अनुदान आहे. राज्याच्या वहीत कर्ज आहे. जागतिक बँकेच्या अहवालात हवामान वित्त आहे. आणि बँकेत श्रीमंत देशांचं भांडवल असल्यामुळे अशा कर्जातला त्यांचा वाटा गरीब देशांसाठी दर वर्षी '१०० अब्ज डॉलर' उभे करण्याच्या त्यांच्या वचनात जमा धरला जातो. एकच पैसा, चार वह्या. फेडणार मात्र एकच वही.

माझं हे समजणं बरोबर आहे का? जाणकारांनी इस्कटून सांगावं.

शुष्ककाष्ठ

पाचवी वही सावकाराची. पाचांत तेवढीच पैशापैशाला जुळते.

लेखाशीर्ष

धागाकर्त्याचं समजणं बरोबर आहे. माझं सगळं आयुष्य सरकारी हिशेबात गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

माझे आजोबा तगाईची गोष्ट सांगायचे. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली कायदे केले, दुष्काळात शेतकऱ्याला विहिरीला, बैलाला, बियाण्याला कर्ज. वरच्या अहवालात ते दुष्काळात केलेलं साहाय्य म्हणून दिसायचं. गावात मात्र तगाई म्हटलं की लोकांना वसुली आठवायची. मला आंतरराष्ट्रीय हवामान निधी वाचताना दर वेळी तगाई आठवते.

२००९ मध्ये कोपेनहेगनला विकसित देशांनी वचन दिलं की २०२० पासून दर वर्षी १०० अब्ज डॉलर 'उभे करू'. क्रियापद नीट बघा. 'देऊ' नाही, 'उभे करू'. त्यात सरकारी, खासगी, द्विपक्षीय, बहुपक्षीय सगळं आलं. आणि काय मोजायचं, कसं मोजायचं, याची व्याख्या केली नाही. व्याख्या नसलेलं वचन म्हणजे लेखाशीर्ष नसलेली तरतूद, तिच्यात काहीही नोंदवता येतं.

मग मोजायचं काम श्रीमंत देशांच्याच संघटनेकडे, ओईसीडीकडे. तिने २०१४ चा आकडा ६२ अब्ज सांगितला. त्यावर २०१५ मध्ये आपल्या अर्थ मंत्रालयाने एक टिपण काढलं आणि लिहिलं की खास हवामान निधींमधून खरोखर बाहेर पडलेला, हाताला लागणारा आकडा २.२ अब्ज आहे. ६२ आणि २.२. त्याच काळाचा, त्याच जगाचा हिशेब. ही चूक नाही, दोघांनी वेगळ्या गोष्टी मोजल्या.

ओईसीडीच्याच हिशेबाने १०० चा टप्पा ओलांडला २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षं उशिरा. आकडा ११५.९ अब्ज. त्यातल्या सरकारी पैशात ६९ टक्के कर्ज आणि २८ टक्के अनुदान. आणि कर्ज मोजलं ते पूर्ण दर्शनी किमतीला. तुम्ही मला बाजारापेक्षा दोन टक्के स्वस्तात लाख रुपये उसने दिलेत तर तुमचा खरा त्याग त्या दोन टक्क्यांचा. वहीत मात्र 'लाख दिले'. ऑक्सफॅमने हा त्यागाचा भाग वेगळा काढून २०२२ चा आकडा २८ ते ३५ अब्ज धरला.

शुष्ककाष्ठ

या मोजणीत काय काय बसतं त्याचे नमुने रॉयटर्सने २०२३ मध्ये काढले होते. इटलीने आशियात चॉकलेट आणि आइस्क्रीमची दुकानं काढायला दिलेला पैसा. अमेरिकेने हैतीतल्या हॉटेलला दिलेलं कर्ज. जपानने बांगलादेशातल्या कोळशाच्या वीज प्रकल्पाला दिलेलं कर्ज. बेल्जियमने एका प्रेमकथेच्या चित्रपटाला दिलेली मदत, कथा जंगलात घडते म्हणून. सगळं हवामान निधीत.

उन्हाळ्यात आइस्क्रीम म्हणजे अनुकूलनच की, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं.

उलटतपासणी

धागा चांगला आहे, पण सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

एक, जागतिक बँकेचं कर्ज महाराष्ट्राला नको होतं तर घेतलं कशाला? कारण तोच पैसा बाजारातून उचलला असता तर महाग पडला असता. ही सवलत खरी आहे. आणि बँक तो पैसा श्रीमंत देशांच्या भांडवलाच्या जोरावर रोखे विकून आणते, म्हणजे त्यांची पत वापरली जाते. पतीला किंमत असते, गावातल्या कोणत्याही जामीनदाराला विचारा.

दोन, भारत आता जगातला तिसऱ्या क्रमांकाचा उत्सर्जक. जागतिक बँकेच्या सर्वांत सवलतीच्या खिडकीतून, आयडातून, आपण २०१४ मध्येच बाहेर पडलो, कारण आपलं उत्पन्न वाढलं. मग मोझांबिक आणि मालावीच्या रांगेत उभं राहून आपण अनुदान मागायचं, हे मला पटत नाही.

तीन, चीन. १९९२ च्या हवामान करारात देणारे देश ठरले ती यादी आजही जवळपास तीच आहे. त्यात चीन नाही, सौदी नाही, सिंगापूर नाही. तीसहून जास्त वर्षांत जग बदललं.

लेखाशीर्ष

@उलटतपासणी, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. सवलत खरी आहे. भांडण फक्त ती किती आहे आणि वहीत किती लिहिली याचं आहे.

दुसऱ्यावर अर्धा मान्य. एकूण उत्सर्जनात तिसरे, पण माणशी मोजलं तर आपण वर्षाला दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आणि अमेरिकन माणूस चौदाच्या. शिवाय आधीच्या दीडशे वर्षांत साठवलेलं वेगळंच. पण मोझांबिकचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं केलंत. २०१९ मध्ये तिथे इडाई चक्रीवादळ आलं, बैरा शहर पाण्याखाली गेलं. त्यानंतर नाणेनिधीने त्यांना तातडीने काय दिलं? ११.८ कोटी डॉलरचं कर्ज. आधीच कर्जात बुडालेल्या देशाला, त्याने न केलेल्या पापासाठी. रांगेत पुढे उभा असलेल्यालाही तगाईच मिळते आहे.

चीनचं म्हणणं, आम्ही स्वेच्छेने देतो. २०१६ पासून १७७ अब्ज युआन दिल्याचं त्यांनी २०२४ च्या बाकूच्या हवामान परिषदेत सांगितलं. स्वेच्छेने म्हणजे विचारायचं नाही.

आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नात एक राहिलेली गोष्ट. २००५ पासून परदेशी कर्ज केंद्राकडून राज्याला जसंच्या तसं, त्याच अटींवर जातं. म्हणजे डॉलरचा भाव वाढला तर बोजा राज्यावर. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६५ च्या आसपास होता. ४२ कोटी गुणिले ६५ म्हणजे २,७३० कोटी. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० ला गेला. तेच मुद्दल ३,७८० कोटी. व्याज न धरता हजार कोटींनी फुगलं. हे कुठल्याच हवामान अहवालात दिसत नाही.

दशांशचिन्ह

@लेखाशीर्ष, आदर ठेवून दुरुस्ती सुचवतो. हे गणित असं होत नाही. कर्ज मंजूर झालं २०१८ ला, पण पैसा एकदम आला नाही. कामं होतात तसे हप्ते उचलले जातात. काही ७० च्या भावाने आले असतील, काही ८३ च्या. भाव चढताना उचल करणाऱ्याला प्रत्येक डॉलरमागे रुपयेही जास्त मिळाले. म्हणजे हजार कोटी ही कमाल मर्यादा झाली, खरा फरक त्याहून बराच कमी.

पण परतफेड अजून बरीच वर्षं चालेल आणि त्या वर्षांचा भाव कोणाच्याच हातात नाही. म्हणून गरीब देश म्हणतात की आमच्या चलनात कर्ज द्या. देणारे म्हणतात, चलनाची जोखीम आम्ही का घ्यावी. म्हणजे ती घ्यायची कोणी, तर ज्याला पेलवत नाही त्याने.

लेखाशीर्ष

दुरुस्ती मान्य. निवृत्तीनंतर हप्त्यांचा तक्ता समोर नसला की माणूस असा सरळ गुणाकार करून बसतो.

टोरंटोवाली

मी इथे कर भरते म्हणून लिहिते. कॅनडाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ५.३ अब्ज कॅनेडियन डॉलर जाहीर केले, त्यातले ४० टक्के अनुदान. ऑफिसातल्या कोणालाही विचारलं तर '५.३ अब्ज दान केले' असंच वाटतं. उरलेल्यातलं बरंचसं परत येणार आहे हे इथल्या करदात्यालाही कोणी सांगत नाही. म्हणजे दोन्हीकडच्या माणसाची समजूत चुकीची. इथला म्हणतो एवढं दिलं तरी हे मागतच असतात, तिकडचा म्हणतो काहीच दिलं नाही.

अवांतर: देऊळगाव राजाचं नाव वाचून बरं वाटलं, माझं आजोळ सिंदखेडराजा.

वेंगुर्लेकरीण

सगळं कर्जच असतं असं नाही हो. आमच्याकडे अनुदान आलं आहे. हरित हवामान निधी म्हणून दक्षिण कोरियात सोंगडोला कचेरी असलेला निधी आहे, त्याने २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले. निखळ अनुदान. खारफुटी लावायची, राखायची, आणि राखणाऱ्याला त्यातून चार पैसे मिळावेत म्हणून कुर्ल्या (खेकडे), कालवं, शिणाणे (शिंपल्यांचा प्रकार) यांची शेती.

आमच्या गटाने कुर्ल्या केल्या. खारफुटीच्या कडेला जाळीचं कुंपण, आत पिल्लं सोडायची, भरतीचं पाणी आत-बाहेर खेळलं पाहिजे. खायला स्वस्त मासळी. कात टाकली की कुर्ली मऊ असते, तेव्हा बाकीच्या तिला खातात, म्हणून आत विटा, फुटकी कौलं, पाइपचे तुकडे टाकायचे लपायला. हे आम्हाला पहिल्या खेपेला कळलं नाही, निम्म्या गेल्या. दुसऱ्या खेपेला बऱ्या निघाल्या.

माझा प्रश्न वेगळा आहे. अनुदान संपलं की पिल्लं विकत घ्यायची कशातून? बँकेत गेलो तर साहेब विचारतो तारण काय. कुर्ली तारण ठेवतां येत नाय. म्हणजे अनुदानाने सुरू करून शेवटी आम्ही कर्जाच्याच दारात.

माढेकर

अनुकूलनाचं ऐकून घेतलं. आता झालेल्या नुकसानीचं बोला.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी आमच्या शिवारातून गेली. शिवाराकडेने नाही, शिवारातून. उडीद गेला, ऊस झोपला, आणि वरची दीड फूट काळी माती वाहून खाली मुरूम उघडा पडला. ती माती पणजोबांपासूनची. आपत्तीच्या निकषात तेव्हा कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार होते. गुंठ्याला ८५ रुपये. एवढ्यात गुंठ्यातला गाळही उपसून होत नाही. वर राज्याच्या पॅकेजमधून आणखी काही आलं, नाही म्हणत नाही.

राज्याचं पॅकेज होतं ३१,६२८ कोटींचं. डॉलरमध्ये ३५० कोटींच्या वर. आता साऱ्या जगासाठीचा 'हानी आणि नुकसान निधी' बघा. वनुआतूने बेटांसाठी विमा मागितला १९९१ ला. निधी मान्य झाला २०२२ ला शर्म अल शेखला. चालू करायचा ठराव २०२३ ला दुबईत. २०२५ पर्यंत साऱ्या जगाने मिळून कबूल केलेली रक्कम ७७ कोटी डॉलरच्या आसपास. एका राज्याच्या एका पावसाळ्याचं पॅकेज जगाच्या निधीच्या साडेचार पट!

उलटतपासणी

पॅकेजमध्ये रोजगार हमी, विमा, रस्ते-पूल सगळं धरलेलं होतं. म्हणजे वर ज्याला आपण हसलो तीच हिशेबाची पद्धत. तो आकडा निधीशी असा सरळ लावता येणार नाही.

माढेकर

बरोबर आहे. निम्मं धरा. तरी दुप्पट होतं.

लेखाशीर्ष

त्या निधीने बेलेममध्ये पहिले अर्ज मागवले. पहिल्या फेरीला २५ कोटी डॉलर, साऱ्या विकसनशील जगासाठी. एका प्रकल्पाला ५० लाख ते २ कोटी डॉलर. अमेरिका तर मार्च २०२५ मध्येच त्याच्या मंडळातून उठून गेली. २०२२ च्या पुरात एकट्या पाकिस्तानचं नुकसान ३० अब्ज डॉलरचं होतं. जिनिव्हात त्यांना ९ अब्जांची वचनं मिळाली, तीही बहुतेक कर्जाची.

नटबोल्ट

पैसा इकडे येतो का यावर बरंच झालं. तिकडे जातो त्यावर कोणी बोललं नाही, म्हणून माझी कथा.

भोसरीत आमचा छोटा कारखाना, नट-बोल्ट. थोडा माल जर्मनीला जातो. युरोपने सीमेवर कार्बन कर आणला. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर खरा कर लागू, त्याचे पैसे भरायचे २०२७ पासून. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, आणि पोलादात आमचे बोल्टसुद्धा. कर भरणार तिकडचा आयातदार, पण तो भावात कोणाकडून कापणार हे सांगायला नको.

गिऱ्हाइकाने एक एक्सेल शीट पाठवली. वीज किती, भट्टीला गॅस किती, हे भरलं. मग रकाना आला: तुम्ही वापरलेल्या वायररॉडचं उत्सर्जन. मी रॉड घेतो व्यापाऱ्याकडून. त्याच्याकडे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट असतं, कार्बन किती टक्के ते लिहिलेलं असतं. मी तेच पाठवलं! तिकडून मेल आली की हा पोलादातला कार्बन झाला, आम्हाला हवेतला हवा आहे. चार दिवस फॅक्टरीत हसत होते. पण खरा आकडा दिला नाही तर ते ठरावीक चढा आकडा धरतात, तिथे हसू थांबतं.

वर्षाला ५० टनांखाली आयात करणाऱ्याला २०२५ मध्ये सूट दिली. आमचं गिऱ्हाईक मोठं, ते त्यात बसत नाही. आणि वसूल झालेला पैसा जाणार युरोपच्या तिजोरीत. पोकराचं कर्ज इकडे, बोल्टचा कर तिकडे. चुलतभावाला विचारा, हे कोणत्या वहीत मोजतात.

शुष्ककाष्ठ

"हवेतला हवा आहे" याला शंभर गुण.

दशांशचिन्ह

बाकूबद्दल कोणी नीट लिहिलं नाही, आणि धागाकर्त्याच्या चार वह्यांना ते थेट लागतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूत नवं लक्ष्य ठरलं, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देशांची मागणी होती १,३०० अब्जांची. ती संख्याही ठरावात आहे, पण 'सगळ्यांनी मिळून' अशा आवाहनाच्या स्वरूपात, खासगी गुंतवणुकीसकट. पहाटे अध्यक्षांनी हातोडा मारला तेव्हा भारताला बोलायचं होतं, ते राहून गेलं. मग अर्थ मंत्रालयाच्या चांदनी रैना उभ्या राहिल्या आणि हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं. ठराव तोवर झालेला होता.

१०० चे ३०० म्हणजे तिप्पट वाटतं. वर्षाला ३ टक्के महागाई धरली तर २००९ चे १०० म्हणजे २०३५ चे साधारण २१५. उरली दीडपटही नाही अशी वाढ.

आणि खरी मेख पुढे आहे. आधीच्या मोजणीत जागतिक बँकेसारख्या बँकांच्या कर्जातला फक्त श्रीमंत देशांच्या वाट्याचा भाग धरत. बाकूच्या मजकुरात अशा बँकांकडून हवामानासाठी जाणारा सगळाच पैसा ३०० मध्ये मोजण्याची मुभा आहे. जागतिक बँकेत भागधारक कोण? भारतही आहे. पोकराचा दुसरा टप्पाही आहे, ६ हजार कोटींचा, २१ जिल्हे, ७,२०१ गावं. त्यातल्या बँकेच्या कर्जात भारताच्या स्वतःच्या भागभांडवलाचा जो अंश आहे, तोही 'विकसित देशांच्या पुढाकाराने दिलेल्या' ३०० मध्ये जमा होऊ शकतो.

म्हणजे आपणच भागधारक, आपणच ऋणको, आणि पावती तिसऱ्याच्या नावाची.

वेंगुर्लेकरीण

हे मी दोनदा वाचलं. मग घोवाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आमच्या देवस्थानच्या वर्गणीतही असंच होतं.

उलटतपासणी

@दशांशचिन्ह, हा मुद्दा मला नवा होता. माझ्या पहिल्या प्रतिसादातला 'पतीला किंमत असते' हा भाग मी मागे घेत नाही, पण त्या पतीत आपलीही पत आहे हे धरलं नव्हतं.

बेलेममध्ये अनुकूलनाचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचं आवाहन झालं. तिप्पट कशाच्या, म्हणजे पायाभूत वर्ष कोणतं, यावर आता पुढची पाच वर्षं जातील.

बांधावरचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री वडिलांना फोन केला. दशांशचिन्ह यांचा प्रतिसाद जमेल तसा सांगितला. त्यांनी मध्येच थांबवून खरोखरची वही काढायला लावली आईला. त्यांची वही म्हणजे खतकंपनीची जुनी डायरी. शेडनेटच्या वर्षाच्या पानावर असं आहे: पाइप आणि नेट, फिटिंग, मजुरी, आणि खाली 'व्याज' म्हणून वेगळी ओळ. मग 'पोकरा जमा'. त्याच्या खाली दोन वर्षांनी वेगळ्या शाईत 'वादळ, पश्चिमेची नेट फाटली, नवी', आणि पुढे रक्कम. त्या ओळीसमोर जमेच्या बाजूला काही नाही.

मी विचारलं, पोकरा जमा लिहिलंय, पण दिलं कोणी असं लिहू? ते म्हणाले, "जागा सोड. तुमचं ठरलं की भर."

माढेकर

अवांतर विचारतो, रागावू नका. आमच्याकडची माती गेलेली दोन एकर आता शेडनेटखाली आणायचा विचार आहे. मिरचीला ५० टक्क्यांची नेट लावलीत की ७५ ची? आणि पश्चिमेकडून वारं किती झेपतं?

बांधावरचा (धागाकर्ता)

५० ची. ७५ मध्ये झाड नुसतं उंच वाढतं, फूल कमी. बाजूंना बारीक कीडरोधक जाळी लावा, पांढरी माशी आत आली तर बियाणं नापास होतं. पश्चिमेला वडिलांनी आता शेवरी लावली आहे दोन ओळी. मुरूम उघडा पडला असेल तर आधी खड्डे भरून घ्या, पाइप नुसत्या मुरमात धरत नाहीत. व्यक्तिगत निरोप करतो, फोटो पाठवतो.